धुराने पतंग काळे पडले नव्हते

इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या गिरण्यांच्या काजळीने तिथले पतंग, म्हणजे फुलपाखरांसारखे रात्री उडणारे कीटक, काळे पडले, ही समजूत गिरणगावच्या मुंबईत सहज पटते. पण चुकीची आहे. काळे पतंग थोडे का होईना, होतेच. मँचेस्टरमध्ये १८४८ साली एकाची नोंद आहे. खोडं काळवंडल्यावर पांढुरके पतंग पक्ष्यांच्या नजरेत भरू लागले, काळ्यांची संतती वाढली. १८९५ पर्यंत सुमारे ९८ टक्के काळे!

म्हणून वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी बटण दाबताच रंग बदलणारा पतंग नको. मुलांनाच पक्षी करा: काळं कापड, दोन रंगांचे कागदी पतंग, चिमटा, दहा सेकंद. मग उरलेल्या प्रत्येकाशेजारी त्याच रंगाचा आणखी एक ठेवा आणि पुन्हा खेळा. ही पिल्लांची पायरी गाळली, तर उरते नुसती शोधाशोध.