इटालियन क्रियापद कुठे तोडायचं: अक्षरांवर की धातूवर?

इटालियनमध्ये 'कापितो' असा एक शब्द आहे. अक्षरं पाडली तर का-पि-तो, त्यात वाद नाही. पण आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'का'वर दिला तर अर्थ 'मी योगायोगाने येऊन पोचतो', आणि 'पि'वर दिला तर 'समजलं'. लिहिताना दोन्ही अगदी सारखेच, आघाताची खूण नाही.

फरक कळतो तो धातू-प्रत्ययाच्या तोडीत. पहिला शब्द कापित् + ओ, मूळ क्रियापद 'कापितारे'. दुसरा काप् + इतो, मूळ 'कापीरे'. अक्षरांची तोड तोंडाला आणि ओळीच्या शेवटी शब्द मोडायला उपयोगी पडते. आघात कुठे, हे तिला विचारून उत्तर मिळत नाही. शिकणाऱ्यांची गल्लत नेमकी इथेच होते.

'आघात बहुतेक वेळा शेवटून दुसऱ्या अक्षरावर' हा नियम नामांना बराच चालतो, क्रियापदांत मात्र दगा देतो. 'पार्लानो' (ते बोलतात) यात आघात 'पार'वर. 'आबितानो' (ते राहतात) यात तर थेट पहिल्या 'आ'वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर! कारण साध्या वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते या चार रूपांत आघात धातूवर असतो. आम्ही आणि तुम्ही या दोन रूपांत तो प्रत्ययावर सरकतो: पार्ल्यामो, पार्लाते. म्हणून 'मी'चं रूप आघातासकट पाठ करावं. 'आबितो'चा आघात 'आ'वर हे पक्कं असलं, की 'आबितानो' चुकत नाही.

'कापीरे'ची वर्तमानकाळी रूपं तर फारच सुंदर आहेत. 'मला समजतं' म्हणजे 'कापिस्को'. अक्षरं का-पि-स्को, कारण इटालियन लेखनात 'स' पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. घडण मात्र काप् + इस्क् + ओ. हा मधला 'इस्क' त्याच चार रूपांत येतो जिथे आघात एरवी धातूवर पडला असता, आणि आघात स्वतःवर घेतो. आम्ही-तुम्हीच्या रूपांत, काप्यामो आणि कापीते, तो नाहीच; तिथे आघात आधीच प्रत्ययावर आहे. 'ईरे'ने संपणारी सगळीच क्रियापदं 'इस्क' घेत नाहीत. 'दोर्मीरे'चं (झोपणे) सरळ 'दोर्मो' होतं.

लेखनात आघाताची खूण सक्तीची असते ती अनेक अक्षरांच्या शब्दात शेवटच्या स्वरावर आघात असेल तेव्हा. 'पार्लो' म्हणजे 'मी बोलतो'. त्याच शेवटच्या 'ओ'वर तिरकी रेघ दिली, की 'तो बोलला'.