शॅनन : लिमरिकच्या बेटावरचा रग्बी क्लब

आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये रग्बी वाढला तो मोठ्या फीच्या खासगी शाळांच्या मैदानांवर. लिमरिक या आयरिश शहराचं तसं नाही. तिथे हा खेळ कामगारवस्त्यांतही रुजला, आणि शॅनन हा क्लब अशाच वस्तीचा. १८८४ साली स्थापन झालेल्या या क्लबची मुळं किंग्ज आयलंड या बेटावरच्या सेंट मेरीज पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीत आहेत. नाव घेतलं ते शहरातून वाहणाऱ्या नदीचं. कितीतरी वर्षं तो खालच्या दर्जाच्या स्पर्धांतच खेळत राहिला. लिमरिक ज्या प्रांतात येतं त्या मन्स्टरमधल्या क्लबांचा मन्स्टर सीनियर कप पहिल्यांदा हाती आला तो १९६० साली.

शॅननची खरी ताकद त्याच्या फॉरवर्ड्समध्ये, म्हणजे पुढच्या फळीतल्या दणकट खेळाडूंमध्ये. ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी लिमरिकच्या थॉमंड पार्क मैदानावर मन्स्टरच्या प्रांतिक संघाने न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला, ऑल ब्लॅक्सना, १२-० असं हरवलं. कोणत्याही आयरिश संघाचा त्यांच्यावरचा हा पहिलाच विजय. त्या दिवशी मन्स्टरच्या फॉरवर्ड्समध्ये ब्रेंडन फोली, जेरी मॅक्लॉक्लिन आणि कॉलम टकर असे तिघे शॅननचे होते. एका पॅरिशमधून उभ्या राहिलेल्या क्लबसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ऑल-आयर्लंड लीग ही देशभरातल्या क्लबांची स्पर्धा १९९०-९१च्या मोसमात सुरू झाली आणि पहिली नऊ विजेतेपदं मन्स्टरमधल्याच क्लबांनी घेतली. त्यांतली १९९५ ते १९९८ ही सलग चार शॅननची. याच काळात, ऑगस्ट १९९५मध्ये, रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाला. म्हणजे पहिलं विजेतेपद हौशी जमान्यातलं, उरलेली तीन पैशाच्या जमान्यातली. संघ मात्र डगमगला नाही. पुढे २००२, २००४ ते २००६ सलग तीन आणि २००९, अशी एकूण नऊ. इतकी विजेतेपदं दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे नाहीत.

सलग चार विजेतेपदांच्या त्या वर्षांतला सगळ्यांत लाडका खेळाडू म्हणजे ब्रेंडनचा मुलगा अँथनी फोली. २००६ साली त्याच्याच नेतृत्वाखाली मन्स्टरने पहिल्यांदा हायनेकेन कप ही युरोपातली मोठी स्पर्धा जिंकली. ऑक्टोबर २०१६मध्ये, मन्स्टरचा मुख्य प्रशिक्षक असताना, पॅरिसमध्ये अचानक त्याचं निधन झालं. तीन आठवड्यांनी शिकागोत ऑल ब्लॅक्सच्या हाकासमोर, म्हणजे सामन्याआधीच्या त्यांच्या माओरी नृत्यासमोर, आयर्लंडचे खेळाडू त्याच्या जर्सीवरच्या आठ या आकड्याच्या आकारात उभे राहिले, आणि आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाने त्यांना इतिहासात प्रथमच हरवलं, ४०-२९.

व्यावसायिक खेळाडू आता प्रांताच्या करारावर असतात, क्लबसाठी क्वचितच उतरतात. २००९नंतर शॅननला लीग जिंकता आलेली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.