आरडीएसवरील पोस्टग्रेस डेटाबेसला एन्क्रिप्टेड कनेक्शन सक्तीचे करणे: पात्रता, आवश्यक बाबी आणि प्रक्रिया

ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउडवर डेटाबेस चालवून देणाऱ्या सेवेवरील पोस्टग्रेस डेटाबेस टीएलएसने (वाटेवरील माहिती सांकेतिक करणाऱ्या पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेले कनेक्शन पहिल्या दिवसापासून स्वीकारतो. मात्र १४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये तो साधे, उघडे कनेक्शनही तितक्याच सहजपणे स्वीकारतो. त्यामुळे एखाद्या संस्थेतील दहापैकी नऊ प्रोग्रॅम एन्क्रिप्शन वापरत असले आणि दहावा जुना अहवाल-प्रोग्रॅम उघड्यावर माहिती नेत असला, तरी सर्व्हर त्याबद्दल तक्रार करत नाही. ही मोकळीक बंद करण्यासाठी ‘आरडीएस.फोर्स_एसएसएल’ हे पॅरामीटर, म्हणजे सेटिंग, आहे. नावातील एसएसएल हे टीएलएसचेच जुने नाव. त्याचे मूल्य १ केल्यावर एन्क्रिप्शनशिवाय आलेले प्रत्येक नवे कनेक्शन सर्व्हर नाकारतो. आवृत्ती १५ पासून हे मूल्य मुळातच १ असते, तर १४ व त्याखालील आवृत्त्यांत ते ० असते.

या लेखात देवनागरीत दिलेली पॅरामीटरची नावे कन्सोलवर रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत, टिंबे आणि अधोरेषा जशाच्या तशा ठेवून, दिसतील. साठवलेल्या माहितीचे, म्हणजे डिस्कवरील एन्क्रिप्शन हा स्वतंत्र विषय असून त्याची प्रक्रिया वेगळी आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे म्हणून वाटेवरील माहितीही सुरक्षित आहे, असा समज अनेक कार्यालयांत आढळतो आणि तो चुकीचा आहे.

कोणता डेटाबेस पात्र आहे आणि बदल कोण करू शकतो

आरडीएसवरील कोणताही पोस्टग्रेस इन्स्टन्स, म्हणजे चालू असलेला डेटाबेस सर्व्हर, या बदलासाठी पात्र आहे. अट एवढीच की त्याला स्वतः तयार केलेला पॅरामीटर ग्रुप, म्हणजे पॅरामीटरच्या मूल्यांचा संच, जोडलेला असावा. ॲमेझॉनने दिलेल्या ‘डिफॉल्ट’ ग्रुपमधील मूल्ये बदलता येत नाहीत. इन्स्टन्स डिफॉल्ट ग्रुपवर असेल, तर त्याच आवृत्तीच्या फॅमिलीचा नवा ग्रुप आधी तयार करावा लागतो, आणि तो जोडल्यानंतर इन्स्टन्स एकदा रीबूट करावा लागतो. त्या रीबूटसाठी काही मिनिटांचा बंद काळ मंजूर करून घेणे भाग आहे. ऑरोरा ही ॲमेझॉनची क्लस्टरवर चालणारी डेटाबेस सेवा वापरणाऱ्यांनी हाच बदल इन्स्टन्सच्या नव्हे, तर क्लस्टरच्या पॅरामीटर ग्रुपमध्ये करायचा असतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेससाठी पॅरामीटर निराळे आहे. तेथे ‘रिक्वायर_सिक्युअर_ट्रान्सपोर्ट’ वापरले जाते.

बदल करणाऱ्या व्यक्तीला खात्याच्या मूळ लॉगिनची गरज नाही, आणि ते लॉगिन या कामासाठी वापरूही नये. तिच्या आयएएम (ॲमेझॉनच्या परवानगी-व्यवस्थेतील) युजरला किंवा रोलला पॅरामीटर ग्रुप तयार करणे, त्यातील मूल्य बदलणे, इन्स्टन्समध्ये फेरफार करणे आणि तो रीबूट करणे, एवढ्या परवानग्या पुरतात. डेटाबेसच्या आतली पाहणी करण्यासाठी मास्टर युजर, किंवा ‘पीजी_मॉनिटर’ ही भूमिका दिलेला युजर लागतो, कारण साध्या युजरला इतरांच्या कनेक्शनचा तपशील दिसत नाही. बहुतेक संस्थांत या दोन परवानग्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. म्हणून दोघांचीही उपलब्धता आधीच निश्चित करावी.

टीएलएस, प्रमाणपत्रे किंवा पॅरामीटर ग्रुप यांसाठी वेगळे शुल्क नाही. लॉग क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या नोंदी साठवणाऱ्या सेवेत पाठवल्यास त्याचे बिल मात्र येते.

हाताशी असावयाची कागदपत्रे

पहिली गरज सर्व्हरची ओळख पटवण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांच्या संचाची, म्हणजे ‘बंडल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेम फाइलची. ॲमेझॉनच्या अधिकृत संकेतस्थळावर सर्व विभागांसाठी एक ‘ग्लोबल’ बंडल आणि प्रत्येक विभागासाठी वेगळे बंडल मिळते. मुंबई विभागाचा संकेत एपी-साउथ-१ आणि हैदराबादचा एपी-साउथ-२ असा आहे. ही फाइल गुप्त नसते, त्यामुळे ती प्रोग्रॅमबरोबर वितरित करण्यास हरकत नाही. मात्र ती सहकाऱ्याच्या ईमेलमधून न घेता मूळ जागेवरूनच उतरवून घ्यावी. आरडीएसची प्रमाणपत्रे ॲमेझॉनच्या स्वतःच्या खासगी मूळ प्राधिकरणाने दिलेली असतात. विंडोज किंवा लिनक्स यांच्याबरोबर येणाऱ्या सार्वजनिक यादीत ते प्राधिकरण नसते, आणि म्हणून ही फाइल प्रत्येक क्लायंटला, म्हणजे डेटाबेसला जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, स्वतंत्रपणे द्यावी लागते.

दुसरी गरज कनेक्शनच्या नोंदवहीची आहे आणि संपूर्ण प्रक्रियेतील खरे कष्ट तीत आहेत. डेटाबेसला कोणकोण जोडले जाते, ते कोणत्या ड्रायव्हरने (जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने), कोणत्या युजरनावाने आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, याची यादी बहुतेक ठिकाणी कागदावर नसते. ती एकदोघांच्या डोक्यात असते आणि अपुरी असते. चालू कनेक्शन पाहण्यासाठी ‘पीजी_स्टॅट_एसएसएल’ आणि ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ या दोन व्ह्यू (डेटाबेसमधील तयार तक्ते) ‘पीआयडी’ या स्तंभावर जोडून पाहाव्यात. ज्या ओळीत ‘एसएसएल’ या स्तंभाचे मूल्य असत्य दिसेल, ते कनेक्शन उघडे आहे. ही पाहणी मात्र त्या क्षणापुरतीच असते. रात्री दोन वाजता चालणारा बॅकअप किंवा महिनाअखेरीस चालणारा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम दुपारी केलेल्या क्वेरीत दिसणार नाही.

त्यासाठी ‘लॉग_कनेक्शन्स’ हे पॅरामीटर चालू करावे. त्यानंतर प्रत्येक नवे कनेक्शन मंजूर झाल्याची एक ओळ लॉगमध्ये उमटते आणि ते एन्क्रिप्टेड असल्यास त्याच ओळीत प्रोटोकॉलची आवृत्ती आणि सायफर (एन्क्रिप्शनची रीत) यांचाही उल्लेख येतो. मंजुरीच्या ज्या ओळींत हा उल्लेख नाही, त्या वेगळ्या काढल्या की यादी तयार होते. आरडीएस हे लॉग मुळात तीनच दिवस ठेवते आणि ही मुदत जास्तीत जास्त सात दिवसांपर्यंत वाढवता येते. महिनाअखेर टिपायची असेल, तर लॉग क्लाउडवॉचकडे पाठवण्यावाचून पर्याय नाही. भारतातील संस्थांना तसेही सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, त्यामुळे ही व्यवस्था एन्क्रिप्शनसाठी नसली तरी करावीच लागली असती. माझ्या मते ही नोंद निदान एक पूर्ण महिना चालू द्यावी, आणि तिमाही विवरणे काढणाऱ्या कार्यालयांनी त्याहून अधिक काळ थांबावे.

तिसरे कागदपत्र म्हणजे बदलाची लेखी मंजुरी. तीत बंद काळ, बदल मागे घेण्याची पद्धत आणि प्रत्येक क्लायंटसाठी जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख असावा. वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्या संस्थांनी या मंजुरीपत्रात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याचाही संदर्भ द्यावा. त्या कायद्याने वाजवी सुरक्षा उपाय योजण्याचे बंधन घातले असून त्यातील कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. लेखापरीक्षक पुढे हाच कागद मागतात.

आधी क्लायंट, मग सर्व्हर

क्रम उलटा करण्याचा मोह होतो, कारण सर्व्हरवरील बदल दोन मिनिटांचा आहे. तो आधी केल्यास यादीत राहून गेलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्याच क्षणी बंद पडतो.

पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्ये ‘एसएसएलमोड’ नावाची निवड असते. पोस्टग्रेसच्या मूळ लायब्ररीत, म्हणजे लिबपीक्यूत, ती न भरल्यास ‘प्रिफर’ धरली जाते: सर्व्हर एन्क्रिप्शन देत असेल तर घ्यायचे, नाहीतर साध्या कनेक्शनवर समाधान मानायचे. असे क्लायंट सक्तीनंतरही चालत राहतात. ‘डिसेबल’ असे स्पष्ट लिहिलेले क्लायंट नक्की बंद पडतात. नोड जेएसचा प्रचलित ड्रायव्हर एन्क्रिप्शन न सांगितल्यास ते वापरतच नाही, म्हणून तोही बंद पडणाऱ्यांच्या यादीत धरावा.

‘रिक्वायर’ या निवडीने माहिती एन्क्रिप्ट होते, परंतु मूळ प्रमाणपत्राची फाइल दिलेली नसेल तर समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही, हे तपासले जात नाही. लाखेने मोहोरबंद केलेले पाकीट दारात उभ्या असलेल्या कोणाच्याही हाती देण्यासारखे ते आहे. ‘व्हेरिफाय-सीए’ प्रमाणपत्र कोणी दिले ते तपासते, आणि ‘व्हेरिफाय-फुल’ त्याबरोबर प्रमाणपत्रावरील नाव व आपण जोडलेला पत्ता एकच आहेत का, हेही पाहते. सर्व्हरवरील सक्ती केवळ उघडे कनेक्शन नाकारते. सर्व्हरची ओळख पटवण्याचे काम ती क्लायंटकडून करवून घेऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक क्लायंट ‘व्हेरिफाय-फुल’वर नेणे हे या प्रक्रियेचे उद्दिष्ट मानावे, आणि ‘रिक्वायर’ हा फार तर मधला टप्पा समजावा.

व्यवहारात बदल असा करावा की बंडलची फाइल क्लायंट चालतो त्या यंत्रावर एका ठरलेल्या जागी ठेवावी आणि ‘एसएसएलरूटसर्ट’ या निवडीत तिचा मार्ग द्यावा. बॅकअपच्या जुन्या स्क्रिप्टना हात लावायचा नसेल, तर ‘पीजीएसएसएलमोड’ आणि ‘पीजीएसएसएलरूटसर्ट’ हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुरेसे आहेत. पीएसक्यूएल आणि पीजी_डंप ही पोस्टग्रेसची साधने ते आपोआप वाचतात. नोड जेएसमध्ये प्रमाणपत्र ओळखता न आल्याची त्रुटी आली की ‘रिजेक्टअनऑथराइज्ड’ असत्य करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळल्यास त्रुटी जाते आणि तिच्यासोबत पडताळणीही जाते. त्याऐवजी ‘सीए’ या निवडीत बंडल द्यावे.

‘व्हेरिफाय-फुल’ लावल्यावर दोन ठिकाणी हमखास अडते. डेटाबेसच्या लांबलचक पत्त्याऐवजी संस्थेने स्वतःचे सुटसुटीत डीएनएस नाव वापरले असेल, तर ते प्रमाणपत्रावर नसल्याने कनेक्शन नाकारले जाते. तेथे आरडीएसचा मूळ पत्ताच द्यावा लागतो. दुसरी अडचण एसएसएच टनेलमधून (दुसऱ्या यंत्रामार्फत नेलेल्या सुरक्षित मार्गाने) लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच यंत्राच्या पत्त्यावर, जोडणाऱ्यांची. लिबपीक्यूवर आधारित क्लायंटमध्ये ‘होस्ट’ या जागी आरडीएसचा मूळ पत्ता आणि ‘होस्टॲड्र’ या जागी १२७.०.०.१ दिल्यास पडताळणी मूळ नावाशी होते आणि वाहतूक टनेलमधून जाते.

प्रत्यक्ष बदल

नोंदवहीतील सर्व क्लायंट एन्क्रिप्टेड दिसू लागल्यावर कन्सोलमधील पॅरामीटर ग्रुप उघडून ‘आरडीएस.फोर्स_एसएसएल’चे मूल्य १ करावे आणि जतन करावे. ग्रुप आधीपासून स्वतःचा असेल आणि ‘एसएसएल’ हे पॅरामीटर १ असेल, तर रीबूटची गरज नसते. ग्रुप नव्यानेच जोडला असेल, तर इन्स्टन्सच्या माहितीत ‘पेंडिंग-रीबूट’ अशी स्थिती दिसते आणि रीबूट होईपर्यंत सक्ती लागू झालेली नसते. रीड रेप्लिका (केवळ वाचनासाठीची डेटाबेसची प्रत) असल्यास तिला जोडलेला ग्रुप कोणता, हे स्वतंत्रपणे पाहावे. आरडीएस प्रॉक्सी या मधल्या जोडणी-सेवेतून येणाऱ्या कनेक्शनसाठी प्रॉक्सीवर टीएलएस सक्तीची वेगळी निवड आहे आणि तिची प्रमाणपत्रेही वेगळी असतात. तेथे वरील बंडल लागत नाही.

रीबूट न करता बदल केला असल्यास एक गोष्ट नजरेतून सुटते. ही तपासणी कनेक्शन सुरू होतानाच होते, त्यामुळे आधीपासून उघडी असलेली कनेक्शन तशीच चालू राहतात, आणि कनेक्शन पूल (उघडी कनेक्शन राखून पुन्हा वापरण्याची व्यवस्था) वापरणारा प्रोग्रॅम ती दिवसेंदिवस धरून ठेवू शकतो. बदलानंतर वरील दोन व्ह्यूंची क्वेरी पुन्हा चालवावी आणि उरलेली उघडी कनेक्शन संबंधितांना कळवून ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने बंद करावीत. त्या क्वेरीत एकही उघडे कनेक्शन दिसेनासे झाले की तिच्या निकालाची प्रत तारखेसह मंजुरीपत्राला जोडावी.

नाकारलेल्या क्लायंटला मिळणारा संदेश दिशाभूल करणारा आहे. पीजी_एचबीए.कॉन्फ या, कोणाला जोडू द्यायचे ते ठरवणाऱ्या, फाइलमध्ये अमुक आयपी पत्त्यासाठी नोंद नाही, असे तो सांगतो, आणि वाचणारा सरळ सिक्युरिटी ग्रुपमधील नेटवर्कचे नियम तपासायला जातो. संदेशाच्या शेवटी ‘नो एन्क्रिप्शन’ किंवा जुन्या आवृत्तीत ‘एसएसएल ऑफ’ असे शब्द असतील, तर अडचण नेटवर्कची नसून या सक्तीची आहे. मदतकक्षाला हा संदेश आधीच दाखवून ठेवावा.

एखादा अत्यावश्यक क्लायंट अडकला आणि तो तातडीने दुरुस्त होणार नसेल, तर मूल्य पुन्हा ० करावे. ही माघार तात्पुरती असल्याची तारखेसह नोंद मंजुरीपत्रावर करावी, आणि तो क्लायंट दुरुस्त होताच सक्ती पुन्हा लावावी.

आवृत्ती वाढवताना आणि प्रमाणपत्रे बदलताना

ज्यांनी हा बदल कधीच केला नाही, त्यांना तो आवृत्ती १४ वरून १५ किंवा पुढे जाताना आपोआप भेटतो. पॅरामीटर ग्रुप हे आवृत्तीच्या फॅमिलीला बांधलेले असल्याने अपग्रेडमध्ये नवा ग्रुप जोडला जातो आणि त्यात सक्ती मुळातच चालू असते. पोस्टग्रेस समुदायाकडून आवृत्ती १४ ला मिळणारा आधार नोव्हेंबर २०२६ पर्यंतचा आहे. तेव्हा नोंदवहीचे काम अपग्रेडच्या तारखेआधी उरकणेच सोयीचे.

प्रमाणपत्रांनाही मुदत असते. २०१९ च्या मूळ प्रमाणपत्राची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली, तेव्हा जुने बंडल घेऊन पडताळणी करणाऱ्या क्लायंटना ते बदलून घ्यावे लागले. आताच्या आरएसए २०४८ जी१ या मूळ प्रमाणपत्राची मुदत ४० वर्षांची आहे. तरीही बंडलची फाइल कोणत्या यंत्रावर कोणत्या मार्गावर ठेवली आहे, हा स्तंभ नोंदवहीत असावा, आणि नवा क्लायंट जोडताना तो भरल्याशिवाय त्याला डेटाबेसचा पासवर्ड देऊ नये.