पैदाशी कोंबड्यांचे खाद्यनियंत्रण

ब्रॉयलर (मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या) पिल्लांच्या मातृपितृ कळपाला वयानुसार मोजून खाद्य देण्याची पद्धत. व्यवसायात या कळपाला नुसते ‘ब्रीडर’ म्हणतात. ही पद्धत अमुक वर्षी सुरू झाली असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील १९४८ च्या ‘चिकन ऑफ टुमॉरो’ स्पर्धेच्या सुमारास मांसल वाढीसाठी निवडीला जोर आला आणि वाढीबरोबर अधाशीपणाही पुढच्या पिढ्यांत उतरला; नियंत्रणाची निकड त्यानंतरची मानणे सयुक्तिक ठरते.

पोटभर खाणाऱ्या तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) लठ्ठ होतात. त्यांच्या अंडाशयात एका वेळी एकाऐवजी दोन पुटके (बलक ज्यांत वाढतो त्या पिशव्या) पक्व होऊ लागतात. परिणामी दोन बलकांची, मऊ कवचाची अंडी वाढतात आणि उबवणीयोग्य अंडी घटतात. म्हणून वाढीच्या काळात त्या खाऊ शकतील त्याच्या साधारण पाव ते निम्मेच खाद्य मिळते.

खरा वाद वाटपाचा आहे. रोजचा वाटा पन्नास-साठ ग्रॅमच असला, की तो खाद्य वाहून नेणाऱ्या साखळीवरून शेडच्या टोकाला पोचेपर्यंत दांडग्या कोंबड्या बराचसा फस्त करतात. यावर उपाय म्हणून दोन दिवसांचा वाटा एकदम देऊन एक दिवस उपास घडवण्याची प्रथा पडली. आठवड्यात पाच दिवस खाद्य व दोन दिवस खाडा, हा तिचा सौम्य प्रकार. यामुळे कळप एकसारखा राहतो, असे समर्थक सांगतात. परंतु उपासाच्या दिवशी साठवलेली चरबी पुन्हा वापरावी लागते व तेवढ्याच वजनाला खाद्य जास्त लागते. शिवाय उपाशी पक्षी वारंवार पाणी पितात, रिकाम्या भांड्यावर चोची मारत राहतात. त्यामुळे जमिनीवर अंथरलेला भुसा (लिटर) ओला होतो. तीन-चार मिनिटांत खाद्य शेडभर पोचवणारी यंत्रणा असल्यास रोजचे वाटप अधिक ग्राह्य वाटते. मात्र खाद्याच्या भांड्यांच्या ओळीत जागा हवी: प्रौढ मादीला सुमारे १५ सेंमी.

कळपाचा एकसारखेपणा सरासरी वजनापेक्षा दहा टक्के कमी ते दहा टक्के जास्त या मर्यादेत किती पक्षी बसतात यावरून ठरतो. काटा मात्र पुरेसा नाही. अनुभवी सुपरवायझर पक्षी उचलून छातीच्या हाडालगतचे मांस बोटांनी चाचपतो आणि खाद्य पडल्यावर काही वेळाने गळ्याखालची अन्नपिशवी भरली का, तेही पाहतो.

नरांचे खाद्य वेगळे ठेवतात. माद्यांच्या भांड्यावरील जाळीची फट नराचे रुंद डोके आत जाणार नाही इतकीच असते, तर नरांची भांडी माद्यांची मान पोचणार नाही अशा उंचीवर टांगतात.