परसबागेतील पक्षी

परसबागेतील पक्षी : घराच्या मागच्या परसात, पुढच्या अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंड्यांत रानपक्ष्यांना न पकडता खाद्य, पाणी, आडोसा आणि घरट्याला जागा मिळेल अशी सोय करण्याचा परिपाठ. पक्षी पाळणे आणि पक्षी येऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पोपटासारखा देशी रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरतो, मग तो कितीही मायेने सांभाळलेला असो. या नोंदीत फक्त दुसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

उगम : पक्ष्यांसाठी अन्न काढून ठेवण्याचे मूळ बहुधा भूतयज्ञात दाखवले जाते. शतपथ ब्राह्मणातील पाच महायज्ञांपैकी हा एक असून भूतमात्रांसाठी रोज बळी, म्हणजे अन्नाचा भाग, काढणे हे त्याचे स्वरूप आहे. मनुस्मृतीत (३.९२, ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. तिसरे शतक यांदरम्यान मानतात) हा भाग कुत्री, कृमी इत्यादींबरोबर पक्ष्यांसाठीही जमिनीवर हलकेच ठेवावा असे सांगितले आहे. येथले पद ‘वयस्’ म्हणजे पक्षी या अर्थाने घ्यावे की ‘वायस’ म्हणजे कावळा या अर्थाने, यावर विधीचा आवाका ठरतो. महाराष्ट्रात पितृपक्षातला काकबळी आणि दहाव्याचा काकस्पर्श पाहता, व्यवहारात कावळाच टिकला असे दिसते. तसे असेल तर या विधीतला पक्षी पितरांचा प्रतिनिधी आहे, पाहुणा नव्हे. घास शिवला की त्याचे काम संपते.

दुसरे मत अहिंसेच्या परंपरेकडे बोट दाखवते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, अभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर, अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी आहे. तिचा आरंभच शुक आणि सारिका, म्हणजे पोपट आणि मैना, यांनी होतो. परंतु तो आदेश न मारण्याचा आहे, खाऊ घालण्याचा नाही. हे अंतर जैन जीवदयेने भरून काढले. गुजरातेतील खांबावरचे नक्षीदार चबुतरे, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालण्याच्या उंच जागा, आणि मुंबईतील कबुतरखाने हे तिचे दृश्य रूप होय. अहमदाबादच्या पोळांतले, म्हणजे जुन्या गल्लीबोळांच्या वस्त्यांतले, आज दिसणारे चबुतरे मात्र फार प्राचीन मानण्याचे कारण नाही.

तिसरे मत साधे आहे आणि कोशकारांनी त्याकडे कमी लक्ष दिले. शेतकऱ्याच्या अंगणात पक्षी येतो तो सांडलेल्या धान्यासाठी. ज्वारी हुरड्यात असताना माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा शेतकरी खळ्यावर उरलेले दाणे मात्र पाखरांचे म्हणून सोडतो. कोकणात नवान्नाच्या वेळी दाराला आंब्याच्या पानांबरोबर भाताच्या लोंब्या बांधतात. विधी पुरा होतो आणि पुढचे काही दिवस चिमण्या ते तोरण सोलत बसतात. मुलाला भरवताना काऊचा आणि चिऊचा घास वेगळा काढण्याची रीतही याच अंगणातली. घरगुती परिपाठाचा उगम धर्मग्रंथांपेक्षा येथे शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

कृत्रिम घरट्याचा उगम याहून कमी सात्त्विक आहे. नेदर्लंड्समध्ये मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून भिंतीला मातीची मडकी टांगत. त्यांत चिमण्या व युरोपीय मैना घरटी करत, आणि पिले पुरेशी वाढली की ती माणसांच्या ताटात जात. पक्ष्यांच्याच भल्यासाठी घरटी बसवणे ही युरोपात मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली कल्पना. ब्रिटनमध्ये दाणे घालण्याची प्रथा १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात, वृत्तपत्रांच्या आवाहनानंतर, घरोघर पसरली. बर्फाखाली अन्न गाडले जाणाऱ्या मुलखातला हा उपाय आपल्याकडे जसाच्या तसा उचलला जातो. महाराष्ट्रात टंचाई असते ती उन्हाळ्यात, आणि ती पाण्याची.

चिमणी : परसातला मुख्य पक्षी चिमणी (पॅसर डोमेस्टिकस) हाच मानला जातो. तिची माणसाशी जवळीक पश्चिम आशियात शेती सुरू झाल्यानंतरची, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांच्या आतली, असे सर्वसाधारण मत आहे. मध्य आशियातील ‘बॅक्ट्रिएनस’ ही तिची उपजाती अजून माणसापासून दूर राहते, स्थलांतर करते आणि हिवाळ्यात वायव्य भारतात उतरते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात घरगुती चिमणीत स्टार्च पचवण्याशी आणि कवटीच्या घडणीशी संबंधित जनुकांत फरक आढळला. कठीण, पिष्टमय धान्याशी ती जुळवून घेत गेली असा त्याचा अर्थ लावतात.

चिमण्या नाहीशा होत आहेत ही समजूत तपासून घ्यावी लागते. २०२० च्या भारतीय पक्षिस्थिती अहवालानुसार देशभराचा विचार करता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे. घट दिसते ती मोठ्या महानगरांत. मोबाइल मनोऱ्यांवर ठेवला जाणारा ठपका पुराव्याने भक्कम झालेला नाही. कौलांच्या फटी, वाशांच्या खोबणी आणि भिंतीवरच्या तसबिरींमागची जागा सिमेंटच्या घरांत उरली नाही, आणि पिलांना भरवायला किडे मिळत नाहीत, ही कारणे अधिक पटतात. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. त्यानंतर लाकडी घरट्यांचा प्रसार वाढला. चिमणीच्या घरट्याचे भोक सुमारे ३२ मिमी. असावे. त्याखाली बसायला दांडी लावतात, ती चिमणीला लागत नाही. कावळ्याला मात्र उपयोगी पडते.

झाडे : दाण्यांवर येणाऱ्या पक्ष्यांच्या जाती मोजक्याच. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, नाचण, चष्मेवाला, तांबट हे येतात ते झाडांमुळे. जास्वंद, शेवगा, पांगारा आणि काटेसावर मधासाठी. तुती, पेरू, कढीपत्त्याची फळे आणि सिंगापूर चेरी फळखाऊंसाठी. जागा असेल तर उंबर, ज्यावर महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियलही उतरतो. शिंपी मोठी पाने कडेने शिवून घरटे करतो, म्हणून वाळली-वेडीवाकडी पाने लगेच काढू नयेत.

बांडगुळाबाबत माळी आणि पक्षिनिरीक्षक यांच्यात जुना वाद आहे. सलीम अली यांनी कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर व फुलटोचा यांचा वाटा काय, यावर १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. शिंजिराची चोच कळीत शिरली की परागण होते. फुलटोचा फळ अख्खे गिळतो. चिकट बी काही मिनिटांत बाहेर पडते, ते शेपटाखाली चिकटते आणि पक्षी फांदीवर अंग घासून ते सोडवतो. बी रुजण्यासाठी याहून चांगली जागा नाही. आंब्याच्या बागायतदाराला फुलटोचा नकोसा वाटावा हे समजण्यासारखे आहे. घरच्या एका झाडावर थोडे बांडगूळ राहू दिल्यास फारसे बिघडत नाही. घाणेरीची फळेही बुलबुल आवडीने खातात, पण ती परदेशी आणि आक्रमक असल्याने मुद्दाम लावू नये.

खाद्य व पाणी : बाजरी, राळे, नाचणी, कण्या. फरसाण, बिस्किटे, खारवलेले शेंगदाणे देऊ नयेत. धान्य खाणारे बहुतेक पक्षीही पिलांना अळ्या आणि किडेच भरवतात; त्यामुळे कीटकनाशक फवारलेल्या बागेत दाण्यांची रास घालून उपयोग नाही. दाणापात्र धुणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास या परजीवीच्या रोगाने हिरव्या फिंच पक्ष्यांची संख्या झपाट्याने घसरली, आणि रोग पसरण्यात सामाईक दाणापात्रांचा वाटा मानला जातो.

पाण्यासाठी मातीचे उथळ परळ उत्तम. खोली दोन ते पाच सेंमी., तळाला एखादा खडबडीत दगड. पाणी रोज बदलावे. डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा परळ घासून काढावे. मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ ते ठेवू नये.

कबुतरे : दाणा उघड्यावर विपुल पडला की पारवे इतरांना हुसकावतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने काहींना फुप्फुसांचा अतिसंवेदनशील दाह होतो. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे जाहीर केले, आणि दादरच्या कबुतरखान्यावरून जीवदया विरुद्ध सार्वजनिक आरोग्य हा वाद रस्त्यावर व न्यायालयात गेला. घरापुरता तोडगा म्हणजे दाणे थोडे आणि जाळीच्या आत, जेथे चिमणी व मनोलीसारखा छोटा दाणेखाऊ पक्षी शिरेल पण पारवा शिरणार नाही.

जखमी पक्षी : पिसे फुटलेले, फांदीखाली उड्या मारणारे पिलू बहुधा हरवलेले नसते, आईबाप जवळच असतात. ते उचलून घरात आणू नये, फार तर वरच्या फांदीवर ठेवावे. उघडे, बिनपिसांचे पिलू सापडल्यास घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागल्याने आई त्याला टाकते हा समज खरा नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या आसपास पंख कापलेले पक्षी सापडतात. अशा पक्ष्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि वनविभागास किंवा पशुवैद्यास कळवावे.