कॅनॉलवरची मॅच: आधी पेग बघा, मग चारा टाका

रविवारची मासेमारीची मॅच झाली की दर सोमवारी आमच्या गळ-चाऱ्याच्या दुकानात तोच प्रश्न येतो: "शेजारच्या पेगवर एवढे मासे निघाले, माझं जाळं रिकामं. अळ्या शिळ्या होत्या का?" अळ्या ताज्याच असतात. फरक पेगचा, म्हणजे काठावर गळ टाकायला नेमून दिलेल्या जागेचा असतो, आणि त्याहून जास्त पेग न बघता टाकलेल्या चाऱ्याचा.

चिठ्ठीत कोणता पेग निघेल ते कुणाच्या हातात नाही. अगदी टोकाचा मिळाला तर उत्तम, कारण एका बाजूला शेजारी नसतो आणि गडबडीने बिचकलेले मासे त्या मोकळ्या पाण्याकडे सरकतात. पूल, पलीकडच्या काठावरून वाकलेली झाडं, कायम बांधून ठेवलेल्या बोटी, बोट वळवायची रुंद जागा, इथेही मासा थांबतो. हिवाळ्यात पाणी निवळलं की रोच मासे अशा आडोशाला गर्दी करतात आणि मधले उघडे पेग कोरडे जातात. उन्हाळ्यात बोटींच्या ये-जा करण्याने पाणी गढूळ होतं, मासे पसरतात, तेव्हा साधा पेगही चांगलं वजन देतो. लॉकजवळचा (बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांजवळचा) पेग निघाला तर इंग्लंडमधल्या ग्रँड युनियनसारख्या रुंद कॅनॉलवर पाणी एकदम ओढ घेतं. तिथे जरा जड फ्लोट (गळाच्या दोरीवरचा तरंगणारा तुकडा) लावा आणि चारा ओढीच्या वरच्या बाजूला टाका.

आता खरी चूक. शिट्टी वाजली रे वाजली की बरेच जण डब्यातला निम्मा चारा थेट पलीकडच्या काठाला टाकतात, कारण हातात 13 मीटरचा पोल, म्हणजे रीळ नसलेली लांब गळाची काठी असते. तसं करू नका. कॅनॉलचा तळ सपाट नसतो: दोन्ही काठांना उथळ पायरी आणि मधे बोटींची खोल वाट. शिट्टीआधी गळाला प्लमेट (खोली मोजायचं छोटं वजन) अडकवून अलीकडून पलीकडे फूट-फूट सरकत खोली मोजा. पलीकडचा उतार जिथे संपतो ती जागा सापडली की पोलवर खूण करा. हिवाळ्यात त्या पायरीवर जेमतेम फूटभर निवळ पाणी असेल, तर सकाळी तिथे मासा मिळण्याची आशा कमी. मग सुरुवात मधल्या वाटेत करा, लिंबाएवढा एकच पावाचा गोळा टाकून. गळाला पंचने (पावाचे छोटे गोल तुकडे कापायच्या अवजाराने) कापलेला पाव लावा, रोच त्याला लवकर येतात. पलीकडे चिरलेली गांडुळं आणि थोडे कॅस्टर (अळ्यांचे कोष) टाकून ती जागा तासभर तशीच सोडा. पर्च मासे आणि मोठे रोच तिथे उशिरा येतात, आणि बहुतेक मॅच शेवटच्या दीड तासात तिथेच फिरते. जास्त पडलेला चारा परत उचलता येत नाही, म्हणून हात आखडता ठेवा.

उरलेल्या अळ्या आम्ही परत घेत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण गाडीत तापलेल्या अळ्यांना घाम सुटतो, दोन दिवसांत त्यांचे कोष व्हायला लागतात, आणि तो माल दुसऱ्याला विकणं आम्हाला पटत नाही. म्हणूनच आम्ही अर्ध्या पिंटाचे डबे ठेवले आहेत. एकाच जातीच्या दोन पिंटांपेक्षा अर्धा पिंट अळ्या, अर्धा पिंट कॅस्टर आणि थोडी गांडुळं घ्या. पेग कोणताही निघो, काहीतरी चालतं. पावासाठी आमच्याकडे यायची गरज नाही, कुठलाही मऊ पांढरा पाव चालतो. पंच आणि प्लमेट मात्र आमच्याकडे आहेत, आणि प्लमेट वापरायचा कसा ते काउंटरवर दाखवून देऊ.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. कार्बनच्या पोलमधून वीज वाहते. पेगच्या 30 मीटरच्या आत डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे पोल जोडू नका, आयोजकांकडून पेग बदलून घ्या.

रविवारच्या मॅचसाठी ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्या. शनिवारी दुपारी डबे तयार मिळतील.