कोजागिरी ते भाऊबीज: घरात कुत्रा असलेल्यांसाठी

वसुबारस उजाडली की आमचा फोन वाजायला लागतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर तो खाली ठेवायची सोय नसते. "पलंगाखालून बाहेरच येत नाहीये." "दुपारपासून जेवला नाही." "शेजारच्या मुलावर गुरगुरला, असं कधी करत नाही हो." त्या वेळी आम्ही फोनवर जे सांगतो त्याचा उपयोग जेमतेम होतो, कारण जे करायचं ते आधी करायचं राहून गेलेलं असतं. म्हणून यंदा हे पत्रक कोजागिरीलाच तुमच्या हातात देतोय. लक्ष्मीपूजनाला अजून पंधरा दिवस आहेत. तेवढ्यात पुष्कळ काही होतं.

जुन्या ग्राहकांना आम्ही माहीत आहोतच. नव्यांसाठी सांगायचं तर पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचं छोटं श्वानघर आहे. दिवसाचं पाळणाघर, मुक्काम, आंघोळ-नखं आणि थोडंफार शिकवणं, एवढंच आम्ही करतो. आम्ही डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा विषय येईल तिथे तुमच्या डॉक्टरांचंच ऐका.

आधी भीती, मग खोड्या

दिवाळीनंतर तक्रारी येतात त्या खोड्यांच्या. सोफ्यावर शू केली, दार खरवडलं, नव्या चपलेचा अंगठा चावून टाकला. जरा खोदून विचारलं की कळतं, हे सगळं खाली सुतळी बॉम्ब वाजल्यानंतरच्या अर्ध्या तासातलं असतं. तो खोड्या करत नव्हता, पळायला वाट शोधत होता. त्याला नंतर रागावून उपयोग नाही. त्याच्या हिशोबात एवढंच नोंदलं जातं की आवाज झाले आणि वर घरातली माणसंही ओरडली.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. आपल्याला जाणवतही नाही असा बारीक आवाज तो लांबून टिपतो. फटाक्यासाठी कायद्याने घालून दिलेली मर्यादाच चार मीटरवर १२५ डेसिबल आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही त्याच्या कानाला काही सौम्य नसतो. त्यात तो कधी वाजेल याचा नेम नाही. ढगांच्या गडगडाटाची थोडी तरी चाहूल लागते, लवंगी माळेची लागत नाही.

भीती ओळखायला शिका, ती भुंकण्याच्या बरीच आधी दिसते. उन्हात नसताना धापा टाकणं, झोप आलेली नसताना जांभया, सारखी जीभ नाकावर फिरवणं, कान मागे, शेपटी पोटाखाली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं. आवडता पेढाही समोर धरल्यावर हुंगून सोडून दिला, तर समजा की भीती बरीच वाढली आहे.

एक समज मात्र आता सोडा. "घाबरल्यावर जवळ घेतलं की तो आणखी लाडावतो" असं अजूनही लोक सांगतात. भीती ही काही सवय नाही, कुरवाळल्याने ती वाढत नाही. तो तुमच्यापाशी येऊन बसला तर बसू द्या, पाठीवरून शांतपणे हात फिरवा. पलंगाखाली गेला तर तिथेच राहू द्या. ओढून बाहेर काढून "बघ, काही नाही" असं खिडकीशी नेऊन दाखवणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना फराळात गुंतवा.

पंधरा दिवसांत करायचं

घरात एक जागा ठरवा. रस्त्याच्या बाजूची खोली नको. दोन भिंती मध्ये असलेला पॅसेज, कपाटाशेजारचा कोपरा, कुणाकडे बाथरूमही चालते. आमच्या एका ग्राहकांची लॅब्रॉडॉर वॉशिंग मशीनच्या मागेच बसते, तर त्यांनी गादी तिथेच टाकली. जागा आपण सुचवायची, निवडायची त्यानेच. खाली जुनी गोधडी, बाजूला पाण्याचं भांडं. आजपासून रोजचं एक जेवण त्याला तिथेच द्या, म्हणजे दिवाळीत ती जागा शिक्षेची वाटणार नाही. त्या संध्याकाळी पडदे ओढा, दिवा चालू ठेवा म्हणजे बाहेरचे लखलखाट कमी दिसतात, आणि पंखा किंवा टीव्ही अशा एकसुरी आवाजाचं काहीतरी चालू असू द्या. दार बंद करून कोंडू नका. कोंडलेला कुत्रा नखं मोडेपर्यंत दार खरवडतो, हे आम्ही पाहिलंय.

दुसरं काम आवाजाच्या सरावाचं. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावा, तुम्हालाच कान द्यावा लागेल इतका. आवाज झाला की पनीरचा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग पनीर. उलटं केलंत तर पनीर दिसताच तो धसकायला लागेल. रोज पाच मिनिटं पुरतात. तो आरामात खात असेल तर दोन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. त्याने खाणं थांबवलं, की समजा आवाज जास्त झाला, मागे या. पंधरा दिवसांत वर्षानुवर्षांची भीती जाणार नाही, त्याला काही महिने लागतात. पण एरवी फारसं न घाबरणाऱ्या किंवा पहिल्याच दिवाळीच्या पिल्लाला याचा चांगला फायदा होतो. प्रत्यक्ष फटाके वाजतानाही हेच करा. धडाम झालं, की लगेच चिकनचा तुकडा, तुमचा चेहरा हसरा.

तिसरं काम डॉक्टरांकडे जायचं. मागच्या वर्षी ज्याने थरथर कापत रात्र काढली, त्याच्यासाठी आत्ताच वेळ घ्या. हल्ली भीती खरोखर कमी करणारी औषधं आहेत. पूर्वी सर्रास दिली जाणारी काही गुंगीची औषधं मात्र अंग ढिलं करतात आणि भीती तशीच ठेवतात. कुत्रा गप्प पडलेला दिसतो आणि आत घाबरलेलाच असतो. डॉक्टरांना नेमकं हेच विचारा. त्यांनी गोळी दिली तर ती एखाद्या साध्या दिवशी त्यांच्या सल्ल्याने देऊन बघा, ऐन लक्ष्मीपूजनाला पहिला प्रयोग नको. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणं तर अजिबात नको.

दार

आमच्याकडचा बंड्या. साधा गावठी कुत्रा, सात वर्षांचा, आमचाच, एरवी गेट उघडं असलं तरी पायरी न उतरणारा. काही वर्षांपूर्वी पाडव्याच्या संध्याकाळी शेजारच्या ताई फराळाचं ताट घेऊन आल्या. दोन्ही हातांत ताट, म्हणून आम्ही दार पूर्ण उघडून धरलं. नेमका त्याच क्षणी जिन्याखाली कुणीतरी बॉम्ब लावला. बंड्या ताईंच्या पायांमधून असा गेला की चकल्या जिनाभर झाल्या. रात्री दोनपर्यंत आम्ही कॅनॉलच्या कडेने हाका मारत फिरलो. पहाटे एका सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, त्यांच्या खुर्चीखाली तो येऊन बसला होता. गळ्यातल्या पट्ट्याला नंबर होता म्हणून फोन आला. कुत्र्यांचा धंदा करणाऱ्यांच्या घरात हे घडलं, तेव्हा "आमचा कुठे जात नाही" हे आम्हाला सांगू नका.

या पाच दिवसांत त्याच्या गळ्यात पट्टा चोवीस तास हवा आणि त्यावर मोबाइल नंबर. धातूची पट्टी कोरून घेतलीत तर उत्तम, नाहीतर पक्क्या शाईने पट्ट्यावरच लिहा. पट्टा आणि गळा यांमध्ये दोन बोटं जावीत, जास्त नाही, कारण घाबरलेला कुत्रा मान मागे घेऊन सैल पट्ट्यातून सहज निसटतो. फिरायला नेताना हार्नेस आणि पट्टा दोन्हीला दोरी लावा. कातडीखाली ओळखीची चिप बसवली असेल तर तिच्या नोंदीत तुमचा आत्ताचाच नंबर आहे ना, तेही बघून घ्या. बेल वाजली की एकाने कुत्र्याला आत न्यायचं आणि दुसऱ्याने दार उघडायचं, हे घरात ठरवूनच टाका.

फिरवण्याच्या वेळा

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवताच येत नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला खिडकीतून दिसतंच. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून पोरं पाच वाजताच खाली उतरतात. म्हणून त्या दिवशी साडेचारला त्याची फेरी उरकून घ्या, तुम्ही तसेही उठलेलेच असता. संध्याकाळची फेरी सूर्य मावळायच्या आत, आणि दुपारी नेहमीपेक्षा जास्त दमवा. सातच्या आत जेवण द्या. भरल्या पोटी दमलेला कुत्रा निम्मी लढाई जिंकतो.

सकाळी रस्त्यावर फुलबाज्यांच्या तारा, काचा आणि न फुटलेले फटाके पडलेले असतात. तोंड घालू देऊ नका, फटाक्याची दारू पोटात जाणं विषारी असतं. घरी आल्यावर पंजे धुवा, बोटांच्या मध्ये बघा.

फराळ

हा भाग फ्रिजवर चिकटवा.

चिवडा बघायला निरुपद्रवी वाटतो, पण त्यात बेदाणे असतात, बऱ्याच घरी तळलेला कांदा आणि लसूणही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कच्चा, तळलेला, वाळवून पूड केलेला, सगळा सारखाच. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्लं म्हणजे धोका, याचा भरवशाचा आकडा नाही. एक कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. द्राक्षातल्या टार्टरिक आम्लावर संशय आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा भेळेची चिंचेची चटणीही लांबच.

चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या अंगातून फार सावकाश बाहेर पडतं. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमला उलट्या आणि अस्वस्थता, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडणं, ६० च्या पुढे झटके. दुधाच्या चॉकलेटमध्ये ग्रॅमला जवळपास २ मिलिग्रॅम धरा, गडद चॉकलेटमध्ये त्याच्या कित्येक पट. म्हणजे चार किलोच्या पॉमेरेनियनला दुधाच्या चॉकलेटची पन्नास ग्रॅमची वडीसुद्धा दवाखान्यात नेते. भेट आलेले खोके टीपॉयवर ठेवू नका. शुगर-फ्री मिठाईत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का ते वाचा. त्याने रक्तातली साखर एकदम कोसळते.

करंजी, अनारसा, चकली यांतलं तूप-तेल स्वादुपिंडाला झेपत नाही. एखादा तुकडा गेला म्हणून घाबरू नका, पण भाऊबीजेला आलेल्या प्रत्येक आत्याने एकेक तुकडा दिला की रात्री उलट्या ठरलेल्या. पाहुण्यांसाठी एका वाटीत त्याचा नेहमीचा खाऊ दारापाशीच ठेवा. ज्याला लाड करायचेत त्याने त्यातूनच करावेत.

काही खाल्लंच तर किती, कधी आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगत लगेच डॉक्टरांना फोन करा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय करू नका, तेवढं मीठच जिवावर बेतू शकतं.

पाहुणे आणि मुलं

"जागेवर" हा एकच शब्द शिकवा. सतरंजीवर बसला की खाऊ, उठला की काही नाही. आधी शांत घरात, मग घरातल्याच कुणीतरी बाहेर जाऊन बेल वाजवायची. पंधरा दिवस रोज दहा वेळा बेल वाजवलीत तर शेजारी वैतागतील, पण कुत्रा शिकेल. अंगावर उड्या मारणाऱ्याकडे सगळ्यांनी पाठ फिरवायची. एकाने जरी "असू दे, मला आवडतं" म्हटलं की शिकवणी पाण्यात.

गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो. लहान मुलांना सांगून ठेवा: तो खाताना, झोपलेला असताना आणि त्याच्या गोधडीवर असताना हात लावायचा नाही, गळ्यात पडून मिठी मारायची नाही. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा, घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असली तरी.

पणत्या शेपटीच्या उंचीच्या वर, दिव्यांच्या माळांच्या वायरी भिंतीला चिकटवून, देवघरातला कापूर डबीत बंद. भाजलंच तर दहा मिनिटं साधं गार पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावू नका. नेपाळात याच दिवसांत कुकुर तिहारला कुत्र्याला टिळा लावून झेंडूची माळ घालतात. तुम्हीही हौसेने घाला, फोटो झाला की माळ काढा, नाहीतर तो दोऱ्यासकट खाईल.

खालच्या भटक्या कुत्र्यांना या चार रात्री पार्किंगमध्ये बसू द्या, असं सोसायटीत सुचवून बघा. त्यांच्या शेपटीला फटाके बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे खालच्या पोरांना प्रेमाने सांगा, आणि नाही ऐकलं तर ११२ ला फोन करा.

आमच्याकडे ठेवणार असाल तर

दिवाळीत आम्ही चौदाच कुत्री घेतो, जागा आहे तरी. रेबीज आणि नाईन इन वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) यांची नोंद असलेलं पुस्तक लागेल. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस राहिली असेल तर याच आठवड्यात द्या, आदल्या दिवशी दिलेली कामाची नसते. पहिल्यांदाच येणाऱ्याला आधी एक रात्र राहायला आणून सोडा, म्हणजे धनत्रयोदशीला त्याला दोन धक्के एकदम बसणार नाहीत. सोडायची वेळ दुपारी चारच्या आत. त्याचं रोजचंच खाणं मोजून पुड्यांत आणा, आणि तुमचा एक वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट.